उणे अकरा वर्षांचा तंबू

मिरजेला रझिया मुलाणी यांच्या दुकानात मिळणारा सगळ्यात झटपट तंबू, आपण तो विकत घेण्याच्या अकरा वर्षं आधी उभा राहतो. त्याहून झटपट तंबू कर्नाटकात मिळतो म्हणतात, पण त्याची दुरुस्ती इकडं कुणी करत नाही.

सुकुमार मगदूम हे ऐकून होते. मार्चअखेर ते एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले होते. एकतीस वर्षं त्यांनी डेपोतल्या खिडकीत बसून गाड्या सोडल्या. मे महिना आला की लोक पोराबाळांना घेऊन गावाला, कोकणात, देवाला निघत, आणि मगदूम माईकवरून त्यांना गाडीचा नंबर आणि फलाट सांगत. त्यांची स्वतःची पोरं तेव्हा जयसिंगपूरला घरात पत्ते खेळत बसलेली असत.

आता पोरं मोठी झाली होती. सम्मेद बावीस वर्षांचा, एक जूनला मस्कतला नोकरीवर रुजू होणार होता. ऋजुता एकोणीसची, बेळगावच्या वसतिगृहातून सुट्टीला आली होती. त्रिशलाबाई एका सकाळी चहा गाळता गाळता म्हणाल्या, "एकदा चौघं मिळून कुठंतरी राहून येऊ या. कुणाचं लग्न नको, वास्तुशांत नको. उगीच जाऊ." म्हणून निवळीच्या तलावावर दोन रात्री मुक्काम ठरला, आणि तंबू बघायला नवराबायको मंगळवारी मिरजेला गेले.

दुकान पूर्वी मंडपाचं होतं. रझियाबाईंच्या सासऱ्यांनी अर्ध्या मिरजेची लग्नं त्या कापडाखाली लावली होती. सासरे गेल्यावर बाईंनी बांबू विकले आणि तंबू आणले. त्यांनी चष्मा डोक्यावर सरकवला आणि पहिला प्रश्न तोच विचारला, जो सगळ्यांना विचारत.

"किती वेळात उभा राहायला हवा?"

"म्हणजे झटपट," मगदूम म्हणाले. "आम्हाला दोनच दिवस आहेत. त्यातले तीन तास खुंट्या ठोकण्यात घालवायचे नाहीत."

बाईंनी त्यांना रांगेनं दाखवायला सुरुवात केली. पहिल्या फळीवर दहा मिनिटांचा. त्याच्याशेजारी तीन मिनिटांचा, छत्रीसारखा, दोरी ओढली की झालं. मग एका मिनिटाचा. मग शून्य मिनिटांचा, जो पिशवीतून काढेपर्यंत उभा असतो आणि म्हणून पिशवीतून काढताना थोडा त्रास देतो. त्यानंतर भिंतीला एक पडदा होता आणि पडद्यामागं उणे तंबू होते.

"उणे एक दिवसाचा सध्या जास्त जातो," बाई म्हणाल्या. "शुक्रवारी सुट्टी झाल्यावर लोक येतात, पावती फाडतात, आणि तंबू गुरुवारपासून तिथं उभा असतो. आत हवा खेळलेली असते. उणे एक वर्षाचा गेल्या महिन्यात इस्लामपूरच्या मास्तरांनी नेला. गेल्या मे महिन्यात ते मित्रांबरोबर घाटात गेले होते, रात्री वळीव आला, सगळे भिजले. मास्तरांना वर्षभर खोकला होता. इथं अर्जावर सही केली आणि खोकला गेला. फोटोतही बघितला आम्ही, मागं तंबू दिसतो."

"मागचं बदलतं म्हणा," मगदूम म्हणाले.

"तंबू मागं जातो," बाई म्हणाल्या. "माणसं जात नाहीत. जी तेव्हा तिथं होती, त्यांना तो मिळतो. एवढंच आहे त्याचं."

त्रिशलाबाई तोवर तीन मिनिटांच्या तंबूत वाकून आत जाऊन आल्या होत्या. "हा बरा आहे," त्या म्हणाल्या. "चौघं पुरतो. खिडकीला जाळी आहे. दोरी सम्मेद ओढेल."

मगदूम म्हणाले, "बघू. उद्या ठरवू." त्रिशलाबाईंना त्यात काही वावगं वाटलं नाही. घरातला पंखासुद्धा त्यांनी तीन दुकानं फिरून घेतला होता.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच मिरजेला गेले आणि पडद्यामागं जाऊन उभे राहिले.

उणे अकरा वर्षांचा तंबू एकच होता. म्हणजे दुकानात त्याची फक्त पाटी होती, तंबू अर्थातच नव्हता. मगदूम त्या पाटीकडं बराच वेळ बघत राहिले. अकरा वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातल्या चौदा, पंधरा आणि सोळा या तारखा त्यांना पाठ होत्या. सम्मेद तेव्हा अकराचा होता, ऋजुता आठची. निवळीला जायचं तेव्हाच ठरलं होतं. ऋजुतानं एका वहीत नेण्याच्या वस्तूंची यादी केली होती आणि तिच्यात दोनदा 'विजेरी' लिहिलं होतं. बारा तारखेला मगदूम घरी येऊन म्हणाले, रजा नामंजूर झाली. पोरं रडली नाहीत. ऋजुता वही घेऊन आत गेली, आणि पुढं कुठल्याच सुट्टीत तिनं यादी केली नाही.

रजा नामंजूर झाली नव्हती. ती मंजूर होऊन मगदूमांच्या खिशात होती. बारा तारखेला दुपारी डेपो मॅनेजर खिडकीशी येऊन एवढंच म्हणाले होते, "मगदूम, तुम्ही नसलात तर या गर्दीचं काय होणार कळत नाही." त्यांनी रजा मागं घ्या असं म्हटलं नव्हतं. पण ते वाक्य मगदूमांना फार गोड लागलं. त्यांनी संध्याकाळी स्वतःच्या हातानं अर्ज लिहिला आणि रजा परत केली. ही गोष्ट त्यांनी कुणालाही सांगितली नव्हती.

"हा घेतो," ते म्हणाले.

रझियाबाईंनी अर्ज पुढं केला. नाव, पत्ता, ठिकाण, तारखा, माणसं किती. मगदूमांनी लिहिलं: मोठी दोन, लहान दोन. त्या काळातला संपर्क क्रमांक या रकान्यात त्यांनी डेपोच्या चौकशी खिडकीचा नंबर लिहिला, कारण दिवसातले बारा तास ते तिथंच सापडत. सातवा रकाना होता: सदर दिवशी आपण तेथे उपस्थित होता काय?

तो त्यांनी मोकळा ठेवला. बाईंनी अर्ज परत दिला.

"सातवा भरावा लागतो."

मगदूमांनी विचार केला आणि लिहिलं, 'प्रयत्न करीन.'

बाईंनी चष्मा खाली घेऊन वाचलं. "हे भूतकाळात लिहायचं असतं."

त्यांनी 'करीन' खोडून 'केला' लिहिलं. अर्जावर ते बरं दिसलं नाही.

"साहेब, एक विचारू?" बाई म्हणाल्या. "तुम्ही गेला होतात ना तिथं?"

"जाणार होतो."

"मग काल ताईंनी बघितलेला न्या. चांगला आहे तो. हा तीन रात्री उभा राहतो आणि मुदत संपते. परत लावता येत नाही. बदलून मिळत नाही."

"माझ्या खात्यात मी एक बघितलंय," मगदूम म्हणाले. "गाडी उशिरा का होईना, येते. चार तास, सहा तास. एकदा तर चिपळूणची गाडी दुसऱ्या दिवशी आली. पण आली."

रझियाबाईंनी शिक्का मारला आणि पावती दिली.

घरी येऊन मगदूमांनी कपाटातला अल्बम काढला. त्या मे महिन्याचे तीन फोटो होते. तिन्ही घराच्या गच्चीवरचे, वाळत घातलेल्या सांडग्यांपाशी उभ्या असलेल्या पोरांचे. त्यांनी फोटो खिडकीशी नेऊन उजेडात बघितले, मागं कुठं पाणी दिसतं का म्हणून. मग अल्बम ठेवून दिला आणि स्वतःशी म्हणाले, पोचायला वेळ लागत असेल.

शनिवारी दुपारी चौघं निवळीला उतरले. सम्मेदच्या पाठीवर चादरींची पिशवी होती, त्रिशलाबाईंच्या हातात डबे, ऋजुताकडं पाणी. मगदूमांच्या हातात काहीच नव्हतं.

"तंबू कुठाय?" त्रिशलाबाईंनी विचारलं.

"तिथंच आहे. आधी पोचता केलाय."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "मी म्हणत होते, गाडीत धरून बसावं लागेल."

मुक्कामाचं मैदान तलावाच्या काठाला होतं. करंजाची दहा-बारा झाडं, पाण्याचा नळ, आणि एका पत्र्याच्या खोलीत राखणदार आनंदा पाटोळे. मैदानात चार-पाच तंबू होते, त्यांतला एक पिवळा, दोन निळे. पाटोळेंनी पावती हातात घेतली, वाचली, आणि लगेच मगदूमांच्या तोंडाकडं बघितलं. मग ते आत गेले आणि बऱ्याच वह्या हलवून खालची एक काढून आणली. तिचं पुठ्ठ्याचं कव्हर वाळवीनं खाल्लं होतं.

"मगदूम," ते बोट ठेवत म्हणाले. "मोठी दोन, ल्हान दोन. चौदा, पंधरा, सोळा. आलासा व्हय."

"उशीर झाला," मगदूम म्हणाले.

"झाला खरा."

"तंबू?" सम्मेदनं विचारलं.

"हुता की. हिरवा. त्या दोन करंजांच्या मधी." पाटोळेंनी वहीवरून हात न काढता हनुवटीनं जागा दाखवली. तिथं गवत होतं. "तीन रात्री उभा हुता. चौथ्या दिवशी सकाळी बघितलं तर न्हवता. मुदत संपली की तसंच असतंय."

सम्मेदनं वहीवरची पावती उचलली. तो ती दोनदा वाचताना ऋजुता त्याच्या खांद्यावरून बघत होती. "पप्पा, हा उणे अकरा आहे," तो म्हणाला. "आपण तेव्हा आलोच नव्हतो."

"मला वाटलं," मगदूम म्हणाले, आणि काय वाटलं ते त्यांना सांगता येईना.

पाटोळेंना या माणसांची कीव आली असावी. तंबूची देखभाल नीट झाली नाही असं या लोकांना वाटू नये, म्हणून त्यांनी सगळं क्रमानं सांगितलं. पहिल्या दिवशी आत चटया घातल्या. पाण्याची घागर भरून ठेवली. एसटी चुकली असेल म्हणून ते शेवटच्या गाडीपर्यंत रस्त्याला उभे राहिले. गाडीतून दोन बायका आणि एक कोंबड्यांचा करंडा उतरला. दुसऱ्या दिवशी परत उभे राहिले.

"मग म्हटलं, काय झालं असंल वाटंत," ते म्हणाले. "अर्जावर नंबर हुता. गावात जाऊन फोन लावला. एसटीत लागला."

मगदूमांनी बाजूच्या करंजाला हात लावला.

आणि त्यांना ते आठवलं. मंगळवारपर्यंत आठवलं नसतं, कारण मंगळवारपर्यंत ते झालंच नव्हतं. आता मात्र ते लख्ख झालेलं होतं. पंधरा मे, सकाळचे साडेदहा, खिडकीपुढं तीन रांगा, कोल्हापूरच्या जादा गाडीला ड्रायव्हर नाही, आणि चौकशीचा फोन वाजला. पलीकडून कुणीतरी ओरडून बोलत होतं. मगदूमांचा तंबू उभा आहे. पोरं आहेत ना दोन? येणार ना?

"उचलला त्यांनी," पाटोळे सांगत होते. "चांगला शुद्ध बोलणारा माणूस हुता. मी म्हटलं, मगदूम हायत का, त्यांचा तंबू लावलाय. तर म्हणाला, मगदूम कामावर आहेत. मी म्हटलं, त्यांची रजा न्हाई व्हय? तर म्हणाला, रजा मंजूर होती, त्यांनी स्वतः मागं घेतली. मी म्हटलं, पोरं तरी पाठवा, मी बघतो. तर म्हणाला, कृपया लाईन मोकळी ठेवा."

नळाखाली कुणाचं तरी भांडं भरून वाहत होतं.

"तुम्ही नामंजूर झाली म्हणाला होतात," त्रिशलाबाई म्हणाल्या.

"हो."

"मी तुमच्या साहेबांना केवढं बोलले होते मनातल्या मनात. त्यांच्या मुलीच्या लग्नालासुद्धा गेले नाही."

"माहीत आहे."

"फोन कुणी उचलला होता?"

मगदूमांनी करंजावरचा हात काढून घेतला. त्रिशलाबाईंनी त्यांच्याकडं बघितलं आणि परत विचारलं नाही. इतकी वर्षं त्या आवाजाबरोबर राहिलेल्या बाईला 'कृपया लाईन मोकळी ठेवा' हे कोण म्हणालं असेल, ते कळायला वेळ लागला नाही.

"एक आमचंबी चुकलं," पाटोळे वही मिटत म्हणाले. "तिसऱ्या दिवशी माझ्या दोन पोरींनी लईच धरलं, तवा त्यांना आत झोपू दिलं. तुमची परवानगी न्हवती. लगीन झालं दोघींचं, पर अजून काढत्यात ती आठवण. जाळीतनं तलाव दिसत हुता म्हणं."

"बरं केलंत," मगदूम म्हणाले. त्यांना ते मनापासून म्हणायचं होतं आणि बरंचसं जमलंही.

सम्मेदनं आजूबाजूला चौकशी केली. जादा तंबू कुणाकडं नव्हता. पत्र्याच्या खोलीत एकच खाट होती. शेवटची गाडी पावणेसातला होती. त्रिशलाबाईंनी सूर्याकडं बघितलं. दिवस असेपर्यंत जेवून घ्यायचं, हा त्यांच्या घरचा नेम होता, तंबू असो वा नसो.

"कुठं बसायचं ते सांगा," त्या पाटोळेंना म्हणाल्या. "आमच्या नावावरची जागा कुठली होती?"

पाटोळेंनी एक काटकी घेतली आणि दोन करंजांच्या मध्ये गवतातून चौकोन ओढला. दार कुठं होतं तेही दाखवलं. चौघंही त्या बाजूनं आत गेले. ऋजुतानं तर चप्पल बाहेर काढली.

जागा पुरेना. मगदूम आणि त्रिशलाबाई बसल्यावर उरलेल्या भागात सम्मेदचे गुडघे रेषेबाहेर जात होते.

"पोरं ल्हान धरलेली हुती," पाटोळे बाहेरून म्हणाले. "अर्जात तसंच लिवलं हुतं."

सम्मेदनं पाय पोटाशी घेतले. तो सव्वासहा फूट उंच नव्हता, पण अकरा वर्षांचाही नव्हता. ऋजुता आईला टेकून बसली. धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी असं जेवण झालं. पिवळ्या तंबूतली माणसं येताजाता बघत होती, पण कुणी हसलं नाही. उणे तंबूची माणसं अधूनमधून येत असणार तिथं.

"पप्पा," ऋजुता म्हणाली, "मला एक कळत नाही. रागावून विचारत नाहीये. तुम्हाला यायचं नव्हतं का?"

मगदूमांनी घास खाली ठेवला. "यायचं होतं. पण तिथं मला कुणीतरी म्हणालं, तुमच्यावाचून चालणार नाही."

"आम्ही तसं म्हटलं नव्हतं म्हणून?"

"तुम्ही म्हणायची काय गरज," ते म्हणाले. मग म्हणाले, "तुम्ही यादी केली होती. तेच म्हणणं होतं ते. मला तेव्हा वाचता आलं नाही."

ऋजुतानं मान हलवली. तिनं क्षमा केली असं काही दिसलं नाही, आणि रागही दिसला नाही. तिनं चटणीचा डबा त्यांच्याकडं सरकवला.

"मस्कतहून मला दोन वर्षं सुट्टी नाही," सम्मेद पाण्याकडं बघत म्हणाला. "तीन मिनिटांचा घेतला असता तर आज राहिलो असतो."

"हो," मगदूम म्हणाले. "बाईसुद्धा तेच म्हणाल्या होत्या. दुकानातल्या."

"मीही म्हणाले होते," त्रिशलाबाई म्हणाल्या.

"तूही म्हणाली होतीस."

सव्वासहाला पाटोळे आले आणि अवघडून उभे राहिले. "उठायला लागंल आता. म्हंजे मुदत तर कवाच संपली. मी जेवणापुरतं गप बसलो." त्यांनी जुनी वही पुढं केली. मगदूमांच्या नावापुढं 'आले' आणि 'आले नाहीत' असे दोन रकाने होते, दोन्ही मोकळे. अकरा वर्षं ते पान अपुरं राहिलं म्हणून तपासणीच्या वेळी पाटोळेंना दरवर्षी खुलासा द्यावा लागत होता. मगदूमांनी पेन घेतलं. पहिल्या रकान्यावर त्यांचा हात थोडा थांबला. मग त्यांनी दुसऱ्यात सही केली आणि खाली अकरा वर्षांपूर्वीची तारीख घातली.

पाटोळेंनी सहीवर फुंकर मारली. "आता नीट झालं," ते म्हणाले.

गाडी सात मिनिटं उशिरा आली. मगदूमांनी घड्याळात बघितलं नाही. निवृत्तांचा पास घरी राहिला होता. गाडी रिकामीच होती, चौघांना पुढंमागं जागा मिळाल्या. ऋजुता खिडकीशी बसली, सम्मेद तिच्या मागं, त्रिशलाबाई रिकामे डबे मांडीवर घेऊन पलीकडं. कंडक्टर तरुण होता. तो मशीन घेऊन मगदूमांपाशी आला.

"किती?"

"जयसिंगपूर," मगदूम म्हणाले. "दोन फुल, दोन हाफ."

म्हटल्यावर ते स्वतःच थबकले. पण कंडक्टरनं मान वर केली, त्रिशलाबाईंकडं बघितलं, ऋजुताकडं बघितलं, आणि होकार दिला. बायकांना आता अर्धंच तिकीट होतं. त्या सवलतीचा कागद मगदूमांनीच आपल्या खिडकीवर चिकटवला होता.

मशीनमधून तिकीट निघालं. मोठी दोन, अर्धी दोन. मगदूमांनी ते वाचलं, चूक काढण्यासारखं त्यात काही नव्हतं. त्यांनी ते घडी करून वरच्या खिशात ठेवलं आणि पुढं बघत बसले.